एक मूल खेळतं आणि बाकीचा वर्ग बघतो: इंग्रजी शब्द आणि स्पेलिंगचे खेळ सगळ्यांनी खेळावेत यासाठी

शिकवायला लागले त्या वर्षी मी एक अख्खा तास फळ्यावर ‘हँगमन’ घेतला. फळ्यावर रेघा मारायच्या, मुलांनी अक्षरं ओळखायची, चुकलं की फासावरच्या माणसाचा एक अवयव काढायचा. मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला आणि मीही खूश झाले. दुसऱ्या दिवशी तेच शब्द श्रुतलेखनाला घातले. वह्या तपासताना दिसलं, की ज्यांना ते शब्द आधीपासून येत होते त्यांनाच ते आले होते. बाकीच्यांनी आदल्या दिवशी फक्त आरडाओरडा केला होता.

तेव्हापासून कुठलाही खेळ घेण्याआधी मी एक हिशेब करते. दहा मिनिटांत प्रत्येक मुलाला किती वेळा स्वतःच्या डोक्यातून शब्द काढावा लागणार? वर्गात चाळीस मुलं आहेत आणि एकेकाला उभं करून स्पेलिंग विचारलं, एकाला वीस सेकंद लागले, तर दहा मिनिटांत तीस मुलांची एकेक पाळी होते. दहा मुलांपर्यंत पाळी पोचतही नाही. तोच प्रश्न मुलांनी जोड्यांत एकमेकांना विचारला, तर त्याच दहा मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा शब्द येतात. प्रश्न तेच आणि वेळही तेवढीच, पण फरक पंधरा पटींचा. खाली दिलेले बहुतेक खेळ तुम्हाला माहीत असतील. मी ते या हिशेबात बसावेत म्हणून थोडे मोडून घेतले आहेत.

आधी शब्द, मग खेळ

एका खेळाला आठ शब्द पुरेत. त्यातले पाच नवे घ्या आणि तीन गेल्या आठवड्यातले. वीस शब्दांचा खेळ भरगच्च वाटतो खरा, पण त्यात प्रत्येक शब्द एकदाच येतो आणि निघून जातो.

पाठ्यपुस्तकांत शब्द बहुतेक गटांनी येतात: सगळी फळं, सगळे रंग, सगळे अवयव. पहिल्यांदा शिकवताना असे सख्खे शेजारी एकत्र देऊ नका. ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ एकाच दिवशी शिकवले, तर मूल दोन्ही शब्द शिकतं, पण कुठला कोणता यात कायमचं अडकतं. टिंकहॅम या संशोधकाने 1990 च्या दशकात केलेल्या प्रयोगांतही हेच दिसलं, की अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र दिले की ते एकमेकांत मिसळतात. ‘लेफ्ट’ आज शिकवा. तो पक्का झाला की आठवड्याने ‘राइट’ आणा. उजळणीच्या खेळात मात्र गट चालतात, तिथे गोंधळ व्हायला काही नवं नसतं.

मग शब्दांचे तीन ढीग करा, कारण कुठला खेळ घ्यायचा ते त्यावर ठरतं. पहिल्या ढिगात ऐकू येतं तसे लिहिले जाणारे शब्द येतात, जसे बॅट, पिन, डॉग. दुसऱ्यात एका साच्यातले शब्द, जसे लाइट, नाइट, राइट, सगळ्यांच्या शेवटी आय-जी-एच-टी. तिसऱ्यात हट्टी शब्द. ‘फ्रेंड’मध्ये आय कुठून आला, ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यात बी काय करतो, याला उच्चारात उत्तर नाही. पहिल्या ढिगाला अक्षरांच्या पत्त्या लागतात, दुसऱ्याला शिडी आणि तिसऱ्याला गोष्ट.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण असते. देवनागरीत क हा नेहमी क असतो. मूल इंग्रजीतही तोच न्याय लावतं आणि ‘स्कूल’ एस-के-यू-एल असं लिहितं. कानाने ऐकलं ते त्याने चोख लिहिलेलं असतं, म्हणून इथे ‘चूक’ म्हणून चालत नाही. ‘ऐकलंस बरोबर, आता इंग्रजीची खोड बघ’ असं म्हणावं लागतं. ‘व’साठी व्ही की डब्ल्यू आणि ‘फ’साठी एफ की पी-एच, ही दोन दुखणी तर वर्षभर पुरतात. तेवढ्यांसाठी वेगळे शब्द काढून ठेवा.

पत्त्यांचा संच

जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापा आणि चार मुलांच्या गटाला चाळीस पत्त्यांचा एक संच करा. सगळी अक्षरं सारख्या संख्येने घेतली तर शब्दच बनत नाहीत, कारण इंग्रजीत ई सगळ्यात जास्त वापरला जातो. अक्षरं जुळवून शब्द करायच्या ‘स्क्रॅबल’ या खेळाच्या इंग्रजी संचात शंभर सोंगट्या असतात आणि त्यातल्या बारा ईच्या असतात, क्यू आणि झेड मात्र एकेकच. हेच प्रमाण लहान करून मी असं वाटप करते: ई चार; ए, आय, ओ तीन-तीन; यू दोन. टी आणि एस तीन-तीन. आर, एन, एल, डी दोन-दोन. बी, सी, एफ, जी, एच, के, एम, पी, डब्ल्यू, वाय एकेक. झाल्या एकोणचाळीस. चाळिसावी पत्ती कोरी ठेवा. ‘हॅपी’तला दुसरा पी किंवा ‘रॅबिट’मधला दुसरा बी लागला, की ती त्या अक्षराची होते. स्वर लाल स्केचपेनने लिहा आणि व्यंजनं निळ्याने. लाल अक्षराशिवाय शब्द बनत नाही हे मुलांना न सांगता कळतं. ‘स्काय’ आणि ‘फ्लाय’ आले की कोणीतरी विचारतंच, ‘मग वाय निळा का?’ या प्रश्नाची वाट बघा.

संच रबरबँड लावून ठेवा आणि प्रत्येक पत्तीच्या मागे गटाचा आकडा टाका. नाहीतर आठवड्याभरात सगळे ई एकाच गटाकडे जमा होतात.

जिवंत शब्द

तीन मुलांना सी, ए, पी अशी मोठी अक्षरं धरून समोर उभं करा. वर्ग वाचतो: कॅप. आता चौथं मूल ई घेऊन शेवटी उभं राहतं. तोंडाने काही बोलायचं नाही, फक्त ए धरलेल्या मुलाच्या दिशेने बोट दाखवायचं. ए आपलं नाव सांगतो आणि वर्ग वाचतो: केप. ‘हॉप’चा ‘होप’ होतो, ‘किट’चा ‘काइट’, ‘कट’चा ‘क्यूट’. स्वतः गप्प राहून दुसऱ्याला बोलायला लावणारा हा ई मुलांना फार आवडतो. ती भूमिका करायला भांडणं होतात.

खेळाची फसगत इथेच आहे: चारजण उभे आणि छत्तीसजण प्रेक्षक. म्हणून ई उभा राहण्याच्या आधी वर्गाने नवा शब्द आपापल्या पाटीवर किंवा वहीच्या मागच्या पानावर लिहायचा आणि मी ‘दाखवा’ म्हटलं की वर धरायचा. मगच ई शब्दात शिरणार. चाळीस पाट्यांवर नजर फिरवायला दहा सेकंद लागतात आणि कोण अडलंय ते कळतं.

एखादं चुणचुणीत मूल विचारेल, ‘मग ‘हॅव्ह’चं ‘हेव्ह’ का नाही होत?’ विचारलं नाही तर तुम्हीच विचारा. इंग्रजी शब्द सहसा व्हीवर संपत नाही, त्याला मागून आधार लागतो. हॅव्ह, गिव्ह, लव्ह यांतला ई स्वराला बोलायला लावायला आलेला नाही, तो फक्त व्हीला टेकू द्यायला उभा आहे. तसाच जेसुद्धा शेवटी येत नाही, म्हणून ‘ब्रिज’च्या शेवटी डी-जी-ई असतं. अशी एक खोड कळली की वीस शब्द सुटतात, म्हणून इथे पाच मिनिटं जास्त गेली तरी जाऊ द्या.

शब्दांची शिडी

एका वेळी एकच अक्षर बदलायचं आणि दर वेळी खरा शब्दच व्हायला हवा. हा खेळ ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ लिहिणाऱ्या ल्युइस कॅरल यांनी 1877 साली, काही करायला नसलेल्या दोन मुलींसाठी काढला. त्यांच्या खेळात मुलाला पहिला आणि शेवटचा शब्द मिळतो, मधली वाट त्याने शोधायची. नवशिक्यांना ते जड जातं, म्हणून मी प्रत्येक पायरीला अर्थ सांगते.

पत्त्यांनी सी-ए-टी लावा. ‘एक पत्ती बदला, छोटी खाट करा.’ सी-ओ-टी. ‘आता टिंब.’ डी-ओ-टी. ‘आता भुंकणारा.’ डी-ओ-जी. मांजराचा कुत्रा झाला! बदलायचं अक्षर पहिलं, मधलं की शेवटचं हे मी सांगत नाही. ते शोधताना मूल शब्दातला प्रत्येक आवाज सुटा करतं आणि खरं काम तिथेच होतं.

वरच्या वर्गांसाठी ‘कोल्ड’पासून ‘वॉर्म’पर्यंतची शिडी घ्या: सी-ओ-एल-डी, मग दोरी म्हणजे सी-ओ-आर-डी, मग पत्ता म्हणजे सी-ए-आर-डी, मग दवाखान्यातली मोठी खोली डब्ल्यू-ए-आर-डी आणि शेवटी डब्ल्यू-ए-आर-एम. इथे थांबून विचारा: ‘कार्ड’ आणि ‘वॉर्ड’मध्ये ए तोच, मग आवाज का बदलला? डब्ल्यूच्या शेजारी बसलं की एचा आवाज बऱ्याचदा ऑकडे झुकतो. वॉच, वॉश, वॉन्ट अशी उदाहरणं मुलं पुस्तकात शोधत बसतात. दहा मिनिटांत एका गटाच्या तीन शिड्या आरामात होतात. चौघांत पत्ती बदलणारा हात दर पायरीला बदलला पाहिजे, नाहीतर एकच हुशार हात सगळं करतो.

हट्टी शब्दांना गोष्ट

‘नाइट’, म्हणजे घोड्यावरचा योद्धा, याचं स्पेलिंग के-एन-आय-जी-एच-टी. यातला के आणि जी-एच एकेकाळी खरोखर उच्चारले जायचे. कॅक्स्टनने 1476 साली इंग्लंडमध्ये छापखाना आणला, तेव्हापासून छापलेली स्पेलिंगं हळूहळू घट्ट होत गेली आणि बोलणं मात्र पुढे बदलत राहिलं. ‘डेट’मधला बी तर कधीच उच्चारला गेला नाही. मूळ लॅटिन शब्दात बी आहे हे दाखवायला विद्वानांनी तो मागाहून घुसवला. ‘आयलंड’मधला एसही असाच लॅटिनशी नसलेलं नातं जोडून आत आला. मुलांना हे सांगितलं की स्पेलिंगचा राग निम्मा होतो. चूक आपली नाही, त्या जुन्या पंडितांची आहे, असं त्यांना वाटतं. वाटू द्या.

यावरचा खेळ म्हणजे ‘खोटा उच्चार’. प्रत्येक हट्टी शब्दाचा लिहिलाय तसा उच्चार करायचा: ‘वेड-नेस-डे’, ‘इस-लँड’, ‘क्निग्हट’. जोडीतल्या एकाने खोटा उच्चार करायचा आणि दुसऱ्याने खरा शब्द बोलून, न बघता लिहायचा. मग पाळी बदलायची. वर्ग हसतो आणि अक्षरं लक्षात राहतात. शेवटी खरा उच्चार तीनदा म्हणून घ्या, नाहीतर घरी जाऊन कोणीतरी ‘वेडनेसडे’च म्हणेल.

धावतं श्रुतलेखन

माझा हा सगळ्यात आवडता खेळ. आठ शब्दांचा कागद वर्गाच्या भिंतीवर चार ठिकाणी चिकटवा. एकाच ठिकाणी लावलात तर चेंगराचेंगरी होते. जोडीतला एकजण लेखक, दुसरा धावपटू. धावपटूने कागदाशी जायचं, एक शब्द डोक्यात ठेवायचा, परत येऊन आधी शब्द आणि मग अक्षरं सांगायची. लेखक लिहितो. कागदाजवळून ओरडून सांगायचं नाही आणि हातावर लिहून आणायचं नाही. नाव धावतं असलं तरी चालतच जायचं. पळणाऱ्याला परत जाऊन पुन्हा यावं लागेल, एवढी शिक्षा पुरते. चार शब्द झाले की भूमिका बदलतात.

यात दोघांचंही डोकं सतत चालू असतं. आणखी एक गोष्ट उघडी पडते, ती म्हणजे अक्षरांची नावं. ‘ई’ ऐकून कितीतरी मुलं आय लिहितात, कारण त्यांच्या कानाला तो इकार वाटतो. जी आणि जे, एम आणि एन, बी आणि डी यांचाही गोंधळ होतो. मोठ्या वर्गातही होतो, तेव्हा हे गृहीत धरू नका. ‘बी फॉर बॅट’ असं पूर्ण सांगायची सवय लावली की हा गोंधळ बराच निवळतो.

अर्थासाठी: पाठ फिरवून बसा

स्पेलिंग येतं पण अर्थ माहीत नाही, अशा शब्दाचा काही उपयोग नाही. बाकावरच्या दोघांपैकी एकाने फळ्याकडे पाठ करून बसायचं. फळ्यावर मी पाच शब्द लिहिते. समोर बघणाऱ्याने तो शब्द न उच्चारता, मराठीत भाषांतर न करता आणि अक्षरं न सांगता इंग्रजीत वर्णन करायचं. दुसऱ्याने ओळखून लिहायचं. पाच झाले की मागे वळून स्वतःच तपासायचं. मग फळा पुसून दुसरे पाच शब्द लिहायचे आणि जागा बदलायच्या.

ज्यांना वाक्यं सुचत नाहीत त्यांच्यासाठी फळ्याच्या कडेला तीन सुरुवाती लिहून ठेवा: ‘इट इज अ काइंड ऑफ’, ‘यू यूज इट टू’, ‘यू कॅन सी इट इन’. हा टेकू नसेल तर निम्मा वर्ग दोन मिनिटांत खाणाखुणांवर येतो. दमशेराज म्हणून तेही मजेचं असतं, पण त्यात इंग्रजी होत नाही.

शून्य-फुली आणि हाउजी

हे दोन पटकन सांगते. शून्य-फुली फळ्यावर अख्ख्या वर्गाची घेऊ नका, जोड्यांत वहीवर घ्या. शब्दांची यादी समोरच्याच्या हातात असते. तो शब्द सांगतो, तुम्ही न बघता लिहिलात तरच चौकोन तुमचा. चुकलात तर तो यादी तीन सेकंद दाखवून झाकतो, तुम्ही शब्द बरोबर लिहिता, पण पाळी त्याची.

हाउजीत मुलांनी फळ्यावरच्या पंधरा शब्दांतून आपल्या पसंतीचे नऊ शब्द चौकोनांत भरायचे. मग फळा पुसायचा. तुम्ही शब्द न सांगता अर्थ सांगा. ओळ पूर्ण झालेल्याने कागद पालथा घालून त्या तीन शब्दांची स्पेलिंगं म्हणायची. चुकला तर खेळ पुढे चालू.

जे खेळ मी घेत नाही

चुकीची स्पेलिंगं फळ्यावर लिहून ‘चूक ओळखा’ हा खेळ मी बंद केला. दोन-तीन वेळा बघितलेलं चुकीचं रूप डोळ्याला ओळखीचं वाटायला लागतं, आणि कमकुवत मुलं तर तेच घेऊन घरी जातात. माझीसुद्धा वर्षानुवर्षं वह्या तपासून एक-दोन शब्दांवर पेन अडखळायला लागली आहे.

दुसरी म्हणजे बाद करत जाणारी स्पेलिंग-स्पर्धा. अमेरिकेत ती 1925 पासून राष्ट्रीय पातळीवर होते, आणि तयारीने आलेल्या मुलांना ती शोभते. वर्गात मात्र ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तो पहिल्या फेरीत खाली बसतो आणि उरलेला वेळ खिडकीबाहेर बघतो. घ्यायचीच असेल तर ‘दुरुस्तीचा बाक’ ठेवा. चुकलेल्याने तिथे जाऊन तो शब्द बघायचा, झाकायचा, लिहायचा, तपासायचा आणि रांगेच्या शेवटी परत उभं राहायचं. बाद कोणीच होत नाही.

खेळानंतरची दोन मिनिटं

खेळ संपला की घंटेची वाट न बघता दोन मिनिटं राखून ठेवा. सगळं झाकायचं आणि आठही शब्द आठवून लिहायचे. गुण द्यायचे नाहीत. मग कागद उघडून मुलाने स्वतः तपासायचं आणि शब्दात नेमकं चुकलेलं अक्षर तेवढं गोल करायचं. सबंध शब्द दहा वेळा लिहायला लावू नका. ‘फ्रेंड’मध्ये आय आणि ई उलटले असतील, तर लक्ष त्या दोन अक्षरांवर जायला हवं.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून मांडलं, की विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो. म्हणून आजच्या शब्दांना उद्या तीन मिनिटं, मग तीन दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा वेळ द्या. यासाठी प्रत्येक गटाला तीन पाकिटं द्या. नवे शब्द पहिल्या पाकिटात जातात आणि ते रोज उघडायचं. सगळ्या गटाला शब्द आला की तो दुसऱ्या पाकिटात, ते तीन दिवसांनी उघडायचं. मग तिसरं, आठवड्याने. चुकला की परत पहिल्यात. ‘आपला शब्द मागे आला’ याचं मुलांना जे वाईट वाटतं ते गुण कापल्याचंही वाटत नाही.

गोंगाट, गुण आणि गप्प मूल

गोंगाट होणारच. हात वर केला की सगळ्यांनी हात वर करून गप्प व्हायचं, ही खूण पहिल्या दिवशी खेळ न घेता नुसती पाच वेळा करून बघा. नियम मराठीत सांगा. इंग्रजीत नियम समजावण्यात सहा मिनिटं गेली तर खेळायला चार उरतात. आणि सांगण्याऐवजी एका जोडीला समोर बोलावून एक फेरी करून दाखवा.

गुण वेगाला देऊ नका, दुरुस्तीला द्या. पहिल्यांदा बरोबर आलं तर एक, आणि चुकून स्वतः शोधून सुधारलं तर दोन. हुशार मुलं यावर कुरकुर करतात. त्यांना पुढच्या खेळाची शिडी तयार करायला सांगा, ते काम सोडवण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

जे मूल काही बोलतच नाही, त्याला आधी धावपटू न करता लेखक करा. आणि त्याच्या गटाच्या पाकिटात पहिला शब्द त्याला नक्की येणारा ठेवा, यादी करतानाच.